खदानीचं गाव का होत नाही

महाराष्ट्रात तळेगावं इतकी आहेत की प्रत्येकाला एकेक ओळख जोडावी लागते. दाभाड्यांचं एक, ढमढेऱ्यांचं एक, अमरावती जिल्ह्यातलं दशासर. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं तळेगाव श्यामजी पंतांचं. लिहिताना बऱ्याचदा कंसात नुसतं ‘शा. पंत’ उरतं. नागपूर-अमरावती रस्त्यावरचं हे गाव. इथून एक वाट आष्टीकडे जाते, एक आर्वीकडे. शेजारच्या घाटाला सत्याग्रही घाट म्हणतात. आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावातले हुतात्मे आजही नावानिशी आठवले जातात. म्हणजे या टापूला आठवण ठेवता येत नाही असं कोणी म्हणू नये. पंत गावाच्या नावात राहिले, सत्याग्रही घाटाच्या. या रस्त्याची गिट्टी ज्यांनी फोडली, ते मात्र कुठल्याच नावात नाहीत.

तळेगावला कोणी खदानीचं गाव म्हणणार नाही. ते रस्त्याचं गाव. पण रस्ता कशाचा असतो? हा सगळा मुलूख काळ्या पत्थराचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली पत्थर. राष्ट्रीय महामार्ग सहा चौपदरी व्हायचा होता तेव्हा कोंढाळी-तळेगाव आणि तळेगाव-अमरावती असे त्याचे टप्पे पडले. असा रस्ता करायला जवळपासची एखादी टेकडी कमी होतेच. टेकडी गेली की क्रशर हलतो, क्रशरबरोबर झोपड्या हलतात, आणि मागे पावसाळ्यात पाणी भरणारा एक खड्डा राहतो. नागपुरात तर गिट्टीखदान नावाची अख्खी वस्ती आहे. ते नाव ऐकून आज कोणाला घण आठवत नाही. पोलीस ठाणं आठवतं.

पत्थर हाताने फोडायचे तेव्हा ते कसबाचं काम होतं. जाणता वडार आधी दगडाभोवती फिरतो, पाणी मारून बघतो. ओल कुठे रेंगाळते त्यावरून त्याला दगडाची रेघ कळते. त्या रेघेवर छिन्नीने ओळीत खाचा पाडायच्या, त्यांत पाचरी बसवायच्या आणि आळीपाळीने प्रत्येकीवर घण घालायचा, एकीवरच जोर द्यायचा नाही. सुरुवातीला ठोका खणखणतो. आवाज बसका झाला की समजायचं, आत चीर गेली. आणखी दोन-तीन ठोक्यांत दगड आपणहून दुभंगतो. विदर्भातल्या किती विहिरींची बांधणी, किती घरांतली जाती आणि पाटे-वरवंटे याच हातांनी घडवलेले आहेत. क्रशरला रेघ कळावी लागत नाही. जबड्यात गेलं ते फुटतं. एका तोंडाने गिट्टी पडते, दुसऱ्याने चुरी. कसब गेलं तसा माणसाचा भावही गेला. दगड ओळखणाऱ्याची मनधरणी करावी लागे. टिप्पर भरणारा आज हा, उद्या तो.

दगडावर जगणाऱ्यांचं कायमचं गाव होऊच शकत नाही, असंही नाही. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात बेथेस्डा नावाचं गाव आहे. पेन्रिन नावाच्या पाटीच्या दगडाच्या प्रचंड खाणीभोवती ते वसलं. तिथले खाणकामगार जेवणाच्या सुट्टीत एका खोपटात जमत आणि भाकरतुकडा खाता खाता वादविवाद, गाणी, कवितांच्या चढाओढी चालत. १८८४ साली बँगोरला विद्यापीठाचं कॉलेज निघालं तेव्हा या खाणकामगारांनी मजुरीतून वर्गणी दिली. नोव्हेंबर १९०० मध्ये सुमारे २८०० माणसं खाणीबाहेर पडली आणि तो संप तीन वर्षं चालला. संपासाठी पैसे जमवायला गावची गायकमंडळं गावोगाव गात हिंडली. संप हरला. घराघरांत फूट पडली, कित्येक जण कोळशाच्या खाणींकडे गेले ते परतलेच नाहीत. छातीत बसणारी धूळही तिथे होतीच. त्या गावाची आरती ओवाळायचं कारण नाही. पण एक गोष्ट खरी, की भांडायला आणि हरायला त्यांच्याकडे गाव होतं. २०२१ साली युनेस्कोने तो सगळा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला.

आपल्याकडे हे का झालं नाही? लोक अडाणी होते हे उत्तर मला पटत नाही. पहिलं कारण जातीचं. वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, बेलदार भटक्या जमातींच्या. ज्याला गावाने काम असेल तेव्हा बोलवायचं आणि काम संपलं की ‘आता पुढे निघा’ म्हणायचं, त्याने गाव उभं करायचं कुठे? दुसरं कारण कागदाचं. १९५७ च्या खनिज कायद्यात इमारतीचा दगड, रेती, मुरूम हे ‘गौण खनिज’. ब्रासने मोजायचं, स्वामित्वधन भरायचं, पट्ट्याची मुदत संपली की सगळ्यांनी उठायचं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दगडाचं माप इतकं चोख आहे. वडार कुटुंबाला २०० ब्रासपर्यंत स्वामित्वधनाची सवलतही सरकारने दिली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण सवलत घ्यायला दगड काढण्याची जागा लागते, नि जागा पट्टेदाराकडे असते.

न्यायालयाने या माणसांकडे पाहिलं नाही असंही नाही. फरीदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चाने लिहिलेलं पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं. न्यायमूर्ती भगवतींचा तो निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. वेठबिगारी ओळखायची कशी, हे त्याने सांगितलं. वस्ती कशी टिकवायची, हे कोणता निकाल सांगणार?

त्यासाठी मला पुण्याजवळच्या वाघोलीचं उदाहरण जास्त कामाचं वाटतं. तिथल्या दगडखाणींवर ‘संतुलन’ संस्थेने १९९७ पासून पाषाण शाळा चालवल्या. बस्तू आणि पल्लवी रेगे यांनी मुलांना खाणीतून शाळेत आणण्यापेक्षा शाळाच खाणीत नेली. शाळा म्हणजे फक्त अक्षरं नव्हेत. पटावर मुलाचं नाव आलं की आईबापांचा पत्ता लागतो. पत्ता लागला की रेशनकार्ड मागता येतं, मग मतदारयादी. खदानीवरच्या माणसाला पहिल्यांदा ‘इथला’ म्हणणारा कागद बहुधा मुलाच्या हजेरीपटाचाच असतो.

खणणं हा मुळात गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. ‘बुलढाणा पॅटर्न’मध्ये महामार्गाला मुरूम लागला तो तलाव आणि नाले खोल करून दिला, नि गावांना पाणी मिळालं. खड्डा तोच, खणणारी यंत्रंही तीच. कुठे आणि कोणासाठी खणायचं हे आधी ठरलं, एवढाच फरक.

आणि ते ठरवतं कोण? खदान सुरू करायची तर ग्रामपंचायतीचा ठराव मागतात. ग्रामसभेत बसतो तो गावच्या मतदारयादीत असलेला. शेतात धूळ बसते म्हणून शेतकरी हरकत घेतो, सुरुंगाने भिंतीला तडे जातात म्हणून घरमालक. दोघांचंही बरोबर आहे. सुरुंगाच्या सगळ्यात जवळ झोपणारं कुटुंब मात्र त्या यादीत नाही, त्याची झोपडी पंचायतीच्या नमुना आठमध्ये नाही. पट्टा देताना खाणीची हद्द, खोली, ब्रास सगळं लिहून घेतलं जातं. त्याच अर्जात आणखी एक रकाना घालता येईल: मजूर कुटुंबं किती, राहणार कुठे, मुलं कोणत्या शाळेत. तो भरल्याशिवाय पट्टा नाही, एवढं म्हणायला नवा कायदाही लागू नये.