अब्रू कोणाची?



लेकराने घाबरत सांगितले, 'अमक्या काकांनी मला नको तिथे हात लावला', तर आपण काय म्हणतो? 'गप्प बस, वस्तीत बोभाटा होईल.' पण अब्रू जाते ती कोणाची? गुन्हा करणाऱ्याची. मग तोंड लेकराने का लपवावे?

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला पोक्सो कायदा लेकराच्या बाजूचा आहे. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेशाविना. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. सुनावणी बंद दाराआड व्हावी, आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये. माहीत असून न कळविणे हाही गुन्हाच. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांच्या पालकांना तक्रारीसाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. कायदा माणसांनी चालवावा लागतो.

'पण तो आपलाच नातलग असेल तर?' असे तुम्ही विचाराल. तिसरे शील त्याने मोडले. 'काही झाले नाही' असे लेकराला सांगायला लावून चौथे शील आपण मोडायचे काय? झाकलेला गुन्हेगार उद्या शेजारच्या लेकराकडे वळतो.

म्हणून, बाबांनो, आधी म्हणा, 'तुझा दोष नाही.' खोदून खोदून विचारू नका. मग पोलिसांना कळवा, किंवा १०९८ वर फोन करा. ही सेवा १९९६ साली आपल्याच मुंबईत सुरू झाली. लेकराचा विश्वास राखणे, हीच घराची खरी अब्रू.