सोनाराचा केर

येरळाकाठच्या एका गावात आण्णांचा तीनमजली बंगला होता. वर्षातले अकरा महिने त्याला कुलूप असायचं. विटा, खानापूर, आटपाडीच्या या दुष्काळी पट्ट्यातनं पिढ्यान्‌पिढ्या माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभरच्या सराफपेठांत पांगली. आण्णाही सतराव्या वर्षी कोइमतूरला गेले. सोनारांच्या दुकानांतला केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा, मुशीत वितळवायचा आणि शेवटी उरलेला सोन्याचा मणी काट्यावर ठेवायचा. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.

मग दुकान मुलावर सोपवून ते गावी परतले. कऱ्हाडजवळच्या टेंभूहून उचललेलं कृष्णेचं पाणी तालुक्यात आलं होतं. एकेकाळच्या उजाड माळावर ऊस आणि द्राक्षबागा दिसत होत्या. पण आळीतल्या दहा घरांपैकी सहा घरांना कुलूप होतं. रात्री बंगल्यात आण्णांना फक्त स्वतःच्या पावलांचा आवाज यायचा. नदीकाठचं दीड एकर रान कसायला माणूस नाही म्हणून पडून होतं.

एके दिवशी वीटभट्टीवाला आला. ‘पोयट्याची माती आहे. तीन फूट उचलतो, पैसे रोख देतो,’ म्हणाला. पडीक रान, त्यातली माती. आण्णांनी होकार दिला.

संध्याकाळी शेजारच्या आक्का दूध घेऊन आल्या. त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. एक म्हैस आणि दुसऱ्याच्या रानातली मजुरी, यावर घर चालायचं. धाकटा पोरगा दिवाळीनंतर गलाईला निघणार होता, आणि त्याच्यामागं आक्काही जाणार होत्या. मातीचा सौदा ऐकून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

“आण्णा, कोइमतूरचा सोनार तुम्हाला केर फुकट द्यायचा का?”

“फुकट? दुकानातलं पायपुसणंसुद्धा तो जाळून बघतो. हात धुतलेलं पाणी टाकत नाही. तोलून-मापून दाम घेतो.”

“मग आपल्या रानाची माती न तोलता कशी दिलीत?”

“पैसे घेतोय की.”

“तीन फूट मातीचं पैसं घेतलं. तिच्यात पुढं येणाऱ्या पिकांचं कुठं घेतलं?”

आण्णा गप्प झाले. आक्का खाली बसल्या.

“माझं माहेर बलवडी. १९८२च्या गिरणी संपानंतर आमचं वडील मुंबईहून परत आलं. गावात दुष्काळ. त्यात ठेकेदार नदीची वाळू ट्रकनं न्यायचे. वाळू गेली की विहिरी आटायच्या. मग मुक्ती संघर्ष चळवळीत माणसं एकत्र आली. नदी आमची, वाळू आमची, म्हणाली. सरकारशी भांडून थोडी वाळू गावानंच विकली, आणि त्या पैशातनं, श्रमदानातनं बलवडी-तांदुळवाडीच्या मधे बळीराजा धरण उभं राहिलं. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसावर ठरला. ज्याला रान नाही त्यालाही पाण्याचा वाटा. म्हणून आमच्या घरानंही पाट्या उचलल्या. नुसतं दुसऱ्याचं रान भिजणार असतं, तर आम्ही कशाला राबलो असतो?”

त्या रात्री आण्णांनी ट्रंकेतनं जुना काटा काढला आणि कितीतरी वेळ हातात धरून बसले. आयुष्यभर परक्या गावाच्या केरातला कण न्‌ कण त्यांनी तोलला होता. आपल्या गावातलं मात्र काहीच कुणी तोललं नव्हतं. वाळू गेली, सतरा-अठरा वर्षांची पोरं गेली, आणि बदल्यात गावाला कुलूपबंद बंगले मिळाले.

सकाळी त्यांनी भट्टीवाल्याला परत पाठवलं आणि आक्कांच्या पोराला बोलावलं. “बी-खत माझं, राबणं तुझं, पीक निम्मं-निम्मं. एक वर्ष करून बघ. नाही जमलं तर कोइमतूरची चिठ्ठी मीच देतो.”

पोरगं राहिलं. पुढच्या दिवाळीला आण्णांचा मुलगा कुटुंबासह आला, तेव्हा अंगणात भुईमुगाच्या शेंगांची रास पडली होती. नातवानं काटा आणला आणि त्याच्या पारड्यात मोठ्या कौतुकानं दोन शेंगा ठेवल्या.

“आजोबा, यात सोनं किती निघालं?”

आण्णांनी आळीकडं पाहिलं. आक्कांच्या दारात पणती तेवत होती. तिथं सातवं कुलूप लागायचं होतं, ते लागलं नव्हतं.

तात्पर्य: जे गाव आपली माती, आपलं पाणी आणि आपली पोरं न तोलता देऊन टाकत नाही, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्यालाही वाटा देतं, त्याच गावात उद्या दिवा लावायला माणसं असतात.