सहन करणं म्हणजे लपवणं का?

आजचं चिंतन : गीता २.१४



थंडी-ऊन, सुख-दुःख येतात नि जातात. ते सहन कर, असं भगवंत इथे सांगतात. एरंडोलला आमचे आप्पा हाच श्लोक रोज पहाटे म्हणायचे, भिंतीला धरून.

हृदयाची झडप बदलून चार महिने झाले होते. जखम भरली, आयएनआर मर्यादेत आला, पद्मालयाला गणपतीचं दर्शनही झालं. पण सकाळी उठलं की गरगरायचं. पुण्याहून फोन केला की एकच उत्तर, "काही नही व्हस रे." दिवाळीत घरी गेलो तेव्हा दिसलं. विचारलं तर म्हणाले, "गीताच सांगते ना, सोसायचं?"

मी निरुत्तर. मग पहिला अध्याय काढला, श्लोक २९-३०. तोंड कोरडं पडलंय, अंग थरथरतंय, त्वचा जळतेय, उभं राहवत नाही : अर्जुन एकेक लक्षण सांगतो! कृष्ण रागावतो, पण ऐकून घेतल्यावर. 'सहन कर' त्याच्याही नंतर येतं. अर्जुन गप्प बसला असता तर गीता झालीच नसती.

आप्पा हसले. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बसून आणि उभं राहून बीपी मोजायला लावलं. उभं राहताच ते उतरत होतं. बीपीच्या गोळीची वेळ त्यांनी बदलली. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र तशीच. ती आपल्या मनाने थांबवली तर झडपेवर गुठळी होऊ शकते.

सकाळ अजून पूर्ण बरी नाही. उरलेलं आप्पा सोसतात, पण सांगून सोसतात.

आज घरी फोन कराल तेव्हा "कसे आहात?" एवढंच नको. "सकाळी उठल्यावर कसं वाटतं?" हेही विचारा.