बादशहाचा पोशाख व प्रभूचा रुमाल

(योहान, अध्याय १३)



इ. स. १८६५ मध्ये विंटरहाल्टर नामक चित्रकाराने ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ योझेफ याचे तैलचित्र काढिले. सेनापतीचा दरबारी पोशाख, शुभ्र कोट, तांबडी विजार, छातीवर मानाची पदके! परंतु त्या पोशाखाने दुःख अडविले काय? १८६७ त त्याचा भाऊ मेक्सिकोत गोळ्या घालून मारिला गेला. १८८९ त एकुलता पुत्र गेला. १८९८ त राणीचा खून झाला. १९१६ त तो स्वतः वारला, आणि दोनच वर्षांनी त्याचे राज्य लयास गेले.

तथापि हाच बादशहा उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी बारा गरीब वृद्धांचे पाय धूत असे. हे तो कोणापासून शिकला? ज्याने आपली वस्त्रे काढून ठेविली व कमरेस रुमाल बांधिला, त्या प्रभूपासून. पण बादशहाचा तो विधी वर्षातून एक दिवसाचा; प्रभूची आज्ञा मात्र रोजची आहे.

उपदेशक बंधूंनो, अंगावर चांगला कोट आला म्हणून, मंडळीत नव्याने आलेल्या गरीब भावाच्या घरी पाणी पिण्यास आपण कचरतो काय? तसे असेल तर तो कोट काढून ठेवा आणि रुमाल घ्या. ज्याचे राज्य अढळ आहे, त्याने तोच पत्करिला.