ठणका थांबल्यावर

मिरज, ऑगस्टअखेर

चि. छोटीस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. पुण्याला कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच हॉस्टेलच्या ओल्या पायरीवरून तू घसरलीस आणि उजवा घोटा मुरगळला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण पुढचं ऐकून झोप उडाली. आठवड्यात तू कुबडी सोडलीस, दोन मजले चढतेस, आणि येत्या रविवारी वर्गातल्या मुलींबरोबर सिंहगडावर जाणार आहेस. म्हणून लगेच लिहायला बसले.

मी सांगलीला कॉलेजात गेले ते १९७९ साली. खो-खोच्या संघाची निवड दुसऱ्याच आठवड्यात होती. सरावात खांबाला वळसा घालताना डावा पाय आत वळला आणि कट्टकन आवाज आला. संध्याकाळपर्यंत सूज एवढी चढली की घोट्याचं हाड दिसेना. मी कुणाला सांगितलं नाही. नव्या ठिकाणी पहिली ओळख लंगडी म्हणून व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. खोलीवरच्या मुलीकडून गरम तेलानं चोळून घेतलं, वर आंबेहळदीचा लेप लावला आणि घट्ट पट्टी बांधून मैदानात उतरले. निवड झाली. दहाव्या दिवशी ठणका थांबला, तेव्हा पाय बरा झाला असंच मी धरून चालले. पुढच्याच महिन्यात सपाट रस्त्यावरून चालता चालता तोच पाय पुन्हा मुरगळला. मग तो मुरगळतच राहिला. दुसऱ्या वर्षीच्या संघात मी नव्हते. माझा खो-खो गेला तो मी दुखणं लपवलं म्हणून. आजही जिना उतरताना माझा हात आपोआप कठड्याकडे जातो.

छोटे, ठणका थांबणं वेगळं आणि पाय बरा होणं वेगळं. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध असतात, हाडाला हाड बांधून ठेवणारे. पाय आत वळला की बहुतेक वेळा पुढचा अस्थिबंध आधी ताणतो किंवा फाटतो. नुसता ताणला असेल तर दोन-तीन आठवडे, अर्धवट फाटला असेल तर महिना-दीड महिना, पुरता तुटला तर तीन महिने किंवा जास्तही लागतात. पाय कुठे टेकला, किती कलला, ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं या अस्थिबंधांतही असतात. अस्थिबंध दुखावला की ती खबर उशिरा पोचते. ठणका गेला तरी हे काम लगेच पूर्ववत होत नाही, आणि म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळतो.

माझ्या वेळी सगळे म्हणायचे, चोळ आणि शेक. पहिल्या दोन-तीन दिवसांत या दोन्हींनी सूज वाढते. पुढे बर्फ, पट्टी, पाय उंचावर आणि पूर्ण विश्रांती असा सल्ला रूढ झाला. तो १९७८ साली गेब मिरकिन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडला होता. पुढे त्यांनीच मत बदललं. फार वेळ बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं व्हायला उशीर लागू शकतो, असं ते म्हणाले. तेव्हा खाटेवर पडूनही राहू नकोस. दुखणार नाही इतपत पाय टेक, आणि डॉक्टरांनी दिलेले व्यायाम रोज कर. दात घासताना बेसिनपाशी दुखऱ्या पायावर उभी राहा, एक हात भिंतीजवळ ठेव. बोटं फरशी पकडतील, घोट्याभोवतीचे स्नायू बारीक थरथरतील. ती थरथर म्हणजे पाय तोल सांभाळायला पुन्हा शिकतोय. आधी दहा सेकंद जमेल, मग तीस. तीस सेकंद न डगमगता उभी राहिलीस की डोळे मिटून करून बघ. हे जमेपर्यंत सिंहगडाचं नाव काढू नकोस.

कुबडी परत घे. एकच वापरत असशील तर ती डाव्या हातात, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूला धर. भार हाताच्या पंजावर असू दे, काखेवर नको. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबडी आणि दुखरा पाय. पाय बधिर वाटला, बोटं निळसर पडली किंवा चार पावलंही टाकता येईनाशी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आता कॉलेजचं. ७५ टक्के हजेरीची धास्ती तुला आहे, हे मला ठाऊक आहे. उद्याच डॉक्टरांचा दाखला जोडून वर्गशिक्षकांना अर्ज दे. महिन्यानं दिलेल्या कागदाला किंमत नसते. हॉस्टेलच्या मॅडमना तळमजल्यावरची खोली माग. वर्गातल्या मुलींकडे सुटलेल्या तासांच्या वह्या माग, खालची खोली मिळेपर्यंत मेसमधून ताट वर आणून द्यायला सांग. तुला वाटतं, आत्ताच मागायला लागले तर पोरी काय म्हणतील? मलाही तेच वाटलं होतं, आणि त्या भीतीपायी मी सबंध पहिलं वर्ष दात-ओठ खाऊन काढलं. जी मुलगी तुझं ताट घेऊन दोन मजले चढेल, ती घटकाभर तुझ्या खाटेवर टेकेल, घरचं काही बोलेल. गडावर न जाताही मैत्री होते, बाळा. आणि गड कुठे पळून जात नाही; येत्या हिवाळ्यात चढ, चांगल्या पायांनी.

एक मागणं आहे. आपण लंगडतोय हे लपवू नकोस. हे पत्र वाचून झालं की आधी आईला फोन करून रविवारचा बेत रद्द केल्याचं सांग, आणि मग तो अर्ज लिहायला बस.

तुझी,
आत्या