रहीमसाहेबांचं पुण्य कुणाच्या खात्यावर?

माणूस गेल्यावर त्याचं काम ढासळलं, तर तो दोष त्याचा मानायचा का? सय्यद अब्दुल रहीम यांच्याबद्दल विचार करताना हा प्रश्न मला सोडत नाही. मी परभणी जिल्ह्यात खेळाचा शिक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, आणि अजूनही संध्याकाळी मुलांना घेऊन मैदानावर असतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पोथीतला नाही.

रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. हैदराबादेत काचीगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकवलं. आपण परभणीहून गाडीत बसतो आणि उतरतो, तेच काचीगुडा. १९४३ पासून ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते, १९५० पासून भारताच्या संघाचेही. ११ जून १९६३ ला कर्करोगाने ते गेले. वीस वर्षं एकाच माणसाने एक संघ घडवला, आणि त्यातली तेरा वर्षं सोबत देशाचाही.

परभणी तेव्हा हैदराबाद राज्यातच होती. आमच्या घरांत निजामाच्या राज्याची आठवण निघाली की रझाकार आठवतात, गाव सोडून गेलेली माणसं आठवतात, आणि राज्य भारतात आलं तो १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस. ती आठवण खरी आहे, ती पुसायची गरज नाही. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्याच हैदराबादच्या पोलीस संघाने मोहन बागानला हरवून ड्युरँड चषक जिंकला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत इराणवर १-० ने मात करून भारताने सुवर्ण मिळवलं, तेव्हा संघामागे हाच मास्तर उभा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं, परभणी मुंबई राज्यात आली. पुढच्याच महिन्यात मेलबर्नला नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. आपल्या जिल्ह्यातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

१९६२ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेवर मात्र मी रेंगाळणारच. रहीमसाहेब आजारी होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवलं होतं. जर्नैलसिंग हा बचावातला गडी. त्याच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला बाकावर बसवलं नाही आणि बचावातही ठेवलं नाही, थेट पुढच्या फळीत आणलं. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया समोर आला. प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलसिंगचा. २-१. जखमी बचावपटूकडून गोल काढून घ्यायला त्या मुलाची नस न् नस माहीत असावी लागते, आणि मुलाचाही मास्तरावर तेवढाच भरवसा असावा लागतो.

त्यानंतर ते सोनं पुन्हा आलं नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळालं. कर्णधार होता हैदराबादचाच सय्यद नईमुद्दीन. पुढे आशियाई स्पर्धेत पदक नाही, आणि १९६० च्या रोमनंतर ऑलिंपिकमध्ये प्रवेश नाही. इथे लोक दोन निवाडे देतात. एक म्हणतो, बघा, त्यांच्यावाचून काहीच चाललं नाही, एवढा मोठा माणूस. दुसरा म्हणतो, सगळं स्वतःभोवती उभारलं म्हणूनच पडलं. हैदराबाद फुटबॉल संघटनेचं चिटणीसपदही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं, हे खरं आहे, आणि दुसऱ्याच्या बोलण्यात तेवढं तथ्य मी मानतो.

आमच्या कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचा ‘परभणी मोती’ हा वाण दिला. तो संकरित नाही. शेतकऱ्याने नीट राखलं तर घरचं बियाणं पुढच्या वर्षी पेरता येतं. रहीमसाहेबांचं काम मला याच जातीचं वाटतं. ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा, कमजोर पायानेच खेळायच्या स्पर्धा, ही त्यांची पद्धत. तिला परदेशी साहित्य लागत नाही, मोठं मैदान लागत नाही, खुद्द रहीमसाहेबही लागत नाहीत. बियाणं त्यांनी ठेवलं होतं. ते कोठीत किडू दिलं कुणी?

धर्म इथे काय सांगतो, ते मला महत्त्वाचं वाटतं. रहीमसाहेबांच्या धर्मात सदका-ए-जारिया आहे: माणूस मेल्यावर त्याची कर्मं थांबतात, पण वाहतं दान, लोकांच्या उपयोगी पडणारी विद्या आणि दुआ मागणारं सदाचारी लेकरू, एवढ्यांचं पुण्य त्याला पोचत राहतं. आमच्याकडे ऋषिऋण आहे. शिकलेल्याने पुढे शिकवलं की ते फिटतं. एकात गुरूच्या जमेची नोंद, दुसऱ्यात शिष्याच्या देण्याची, पण दोन्हीकडे लेखणी मागे राहिलेल्यांच्या हातात आहे. विद्या वापरात राहिली नाही तर मेलेल्या माणसाचं येणं आपण अडवतो.

औंढ्याला नामदेवांना विसोबा खेचरांनी उपदेश केला, असं सांप्रदायिक परंपरा सांगते. नामदेवांचं नरसी, विसोबांचं औंढा, दोन्ही गावं हिंगोली वेगळी होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात. विसोबांना आज आपण ओळखतो ते बहुतांशी नामदेवांमुळे. नामदेव पंजाबपर्यंत गेले नसते, तर विसोबांचा उपदेश काही कमी खरा ठरला नसता. तो आपल्यापर्यंत आला नसता, एवढंच. म्हणून पदकांच्या दुष्काळावरून रहीमसाहेबांना जोखणं मला अन्याय वाटतो. निष्काम कर्माचा दाखला देऊन त्यांना मोकळं करणंही मला पुरेसं वाटत नाही. फळाची आस सोडणारा मास्तरसुद्धा पोरगा डावा पाय वापरतो की नाही हे रोज बघतच असतो.

माझं मागणं साधं आहे. जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांत एक दिवस कमजोर पायाच्या सामन्यांसाठी ठेवावा. जिंतूरची, गंगाखेडची, पाथरीची, सेलूची पोरं-पोरी त्यात उतरावीत. आणि सामना सुरू होण्याआधी त्यांना सांगावं, की हा खेळ हैदराबादच्या एका शाळामास्तराने लावून दिला, आणि त्याचं नाव सय्यद अब्दुल रहीम.