मुंग्यांच्या घरचे विरजण



नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशी माणसाला मुंगीकडे पाठवले आहे, ते उद्योग शिकण्यासाठी. मध्य व दक्षिण अमेरिकेतील पाने कापणाऱ्या मुंग्या पाहिल्या, की मात्र आपल्याला वेगळाच प्रश्न पडतो. झाडांची पाने कापून त्या भारेच्या भारे वारुळात वाहून नेतात, आणि ती पाने त्यांना पचतच नाहीत!

मग नेतात कशाला? थॉमस बेल्ट या इंग्रज अभ्यासकाने निकाराग्वात त्यांचे निरीक्षण करून १८७४ साली लिहिले, की मुंग्या या पानांवर बुरशी पिकवत असाव्यात. पुढे ते खरे ठरले. पाने चावून केलेला लगदा त्या जमिनीखालच्या खोल्यांत बुरशीला घालतात. बुरशी तो पचवते आणि तिच्या तंतूंच्या टोकांना साखर व स्निग्धांश भरलेले बारीक फुगे येतात. कामकरी मुंग्या पान कापताना थोडाफार रस पितात, पण त्यांच्या पिलांना बुरशीवाचून दुसरे अन्न नाही. बुरशीही मुंग्यांच्या सेवेवाचून जगत नाही.

आपणही आठवडाभर घरी पुष्कळ वाहून आणतो. पगार, हप्त्यावरचा टीव्ही, क्लासची फी भरल्याची पावती. त्यात वाईट काही नाही. पण लेकरांचे मन पोसते ते संध्याकाळच्या रोझरीवर, एकत्र जेवताना झालेल्या बोलण्यावर, काकाकाकूंच्या मायेवर. त्याला आपण काय खाऊ घालतो?

बुरशीला बाधणारे औषध लावलेले पान मुंग्या आधी खुशाल नेतात, कारण त्यांना स्वतःला त्याचा त्रास नसतो. बुरशीला ते सोसत नाही असे कळले, की मात्र त्या पानाला पुढे कित्येक आठवडे शिवत नाहीत. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला एवढे समजले नव्हते. काहीजण आपापली शिदोरी आधीच खाऊन घेत, गरीब बंधू उपाशी राही, आणि त्याच सभेत प्रभुभोजनही होई! संत पौलाने त्यांना चांगलेच खडसावले. जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरलेले सख्खे भाऊ कम्युनियनसाठी एकाच रांगेत उभे राहतात, तेव्हा ते पत्र आपल्यालाही आलेले असते.

नवी राणी वारूळ सोडून उडते, तेव्हा आईच्या घरच्या बुरशीची इवलीशी गोळी तोंडातल्या पिशवीत घेऊन जाते. माहेरचे विरजणच ते. नव्या बिळात ती त्या गोळीला खत घालते, आणि सुरुवातीचे दिवस स्वतः मात्र अंगातल्या साठ्यावर काढते. गोळी मेली, तर नवे वारूळ उभेच राहत नाही.

आपल्या पॅरिशमधील मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी परगावी आणि परदेशी जातात. बॅगेत लोणचे असते, कागदपत्रे असतात, आईने ठेवलेली रोझरीही असते. ती हातात घ्यायची सवय घरी लागली होती का, हे ज्याचे त्याला ठाऊक. आज अर्पणविधीच्या वेळी त्या सर्वांची नावे मनात घेऊ या.